अंतरपाटावरची बाई

माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न लागलं तेव्हा मी अंतरपाटाला शिवलेली होते. हे मी अलंकारिक बोलत नाही. आई लेकीच्या मायेत गुंतली वगैरे म्हणतात, तसलं काही नव्हतं. कापड, सुई, दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला मी, अशी ती सरळ शिवण होती. आता सोलापुरात कुठल्याही लग्नाला गेले की कुणीतरी शेजारणीला कोपराने ढोसतं आणि हळूच म्हणतं, ‘त्याच बघ.’

हे सुरू कुठून झालं ते आधी सांगते, म्हणजे माझा हेतू तरी वाईट नव्हता हे कळेल. आमच्या सासरी एक रीत आहे. लेकीचं लग्न लागताना आईने बघायचं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की तिने मांडवाबाहेर जायचं आणि पाठ फिरवून तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. (बापाने मात्र अगदी पुढे उभं राहून हवं तेवढं रडावं, त्याला मुभा आहे.) आतून ‘शुभमंगल सावधान’ ऐकू येतं, टाळ्या ऐकू येतात, बँड वाजतो आणि इकडे आई त्या बिचाऱ्या तुळशीला बुडवत असते.

ऋचाचं लग्न ठरलं आणि मला पहिली आठवली ती हीच रीत. स्थळ उत्तम होतं, मंद्रूपचं, शेतीवाडीवालं. मुलगा नीलेश सोलापुरात इंजिनिअर. कशाचीच तक्रार नव्हती. पण जिची पहिली दाढ, पहिला ताप, पहिली नापासाची गुणपत्रिका सगळं मी बघितलं, तिच्या लग्नाच्या वेळी मी एका कुंडीकडे बघत असणार होते. मला फार वाईट वाटत होतं. ऋचा म्हणाली, ‘आई, सोड ना ते. तू समोर उभी राहा.’ आमचे हे म्हणाले, ‘आता कोण पाळतं असलं?’ आणि मग दोघांनीही माझ्या मोठ्या नणंदेकडे बघितलं.

शरूवन्सं धारवाडला असतात, पण त्यांचा धाक सोलापूरपर्यंत व्यवस्थित पोचतो. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मी माझ्या दोन्ही लेकींची लग्नं बघितली नाहीत, सुनंदा. काही बिघडलं का माझं?’  मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात मांजर आडवं जाण्यावर तासभर बोलते. पण उद्या पोरीच्या घरी कुकरची शिट्टी जरी उडाली तरी सगळ्यांची नजर माझ्याकडे वळणार, हे मला विज्ञानाइतकंच पक्कं ठाऊक होतं. मी मान डोलावली.

आणि मग मला ती कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं ‘मला कल्पना सुचली’ या वाक्यानेच सुरू झालेली आहेत.) मी तिथे नसणार, पण अंतरपाट तर असणार! वधूवरांच्या मधोमध, सगळ्यांत जवळ, तेच कापड. ते मी माझ्या हाताने भरलं तर माझ्या जागी ते समोर उभं राहील. लेकीच्या डोळ्यांसमोर शेवटपर्यंत आईचे टाके असतील. हे मनात आलं आणि मला स्वतःलाच रडू आलं. ह्यांनी विचारलं, ‘कांदा चिरतेस का?’

सासूबाईंचं एक जुनं इरकल लुगडं माझ्याकडे आहे. लाल रेशमी पदर आणि त्यावर कसुतीचं काम, म्हणजे धारवाडकडचा तो जुना कशिदा. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन असं सगळं सरळ रेघांच्या टाक्यांत. त्या कामाचे दोनच नियम. गाठ मारायची नाही आणि मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच दिसली पाहिजे. कापडाचे धागे मोजत टाके घालत जायचं आणि त्याच वाटेने मधली जागा भरत परत यायचं. वाचायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

नुसती नक्कल केली असती तरी चाललं असतं. पण आमच्या घराण्याचा हत्तीशी काय संबंध? आमच्यात कुणी पालखीत बसलेलं नाही. मी ठरवलं की ढंग जुनाच ठेवायचा, पण खुणा आपल्या घरच्या घालायच्या. रथाच्या जागी रेल्वेचं इंजिन, कारण सासरे कुर्डुवाडीला रेल्वेत होते. पालखीच्या जागी ह्यांची स्कूटर, कारण तिच्यावरून तान्ह्या ऋचाला दवाखान्यातून घरी आणलं होतं. आणि तुळशीवृंदावन तसंच ठेवून त्याच्या शेजारी हातात तांब्या घेतलेली एक छोटी बाई. ती मी. म्हणजे मांडवाबाहेरची आई अंतरपाटावर तरी मांडवात येईल.

कापडासाठी धाकट्या दिरांना विचारलं. अरुणभाऊजींचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्यांनी मोठ्या मनाने टर्किश टॉवेल पाठवला. म्हणाले, ‘वहिनी, नंतर वापरताही येईल.’ तो परत करून साधं सुती कापड आणवलं आणि मी मोजायला बसले.

कसुतीत गोल काढता येत नाही हे मला इंजिनाच्या पहिल्या चाकाशी कळलं. सगळं सरळ नाहीतर तिरकं. चाक चौकोनी झालं. चौकोनी चाकांचं इंजिन मी फोटो काढून शरूवन्संना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला, ‘उंदराचा पिंजरा कशासाठी गं लग्नात?’ मी उसवलं, परत भरलं. आता ते आमच्या देवघरासारखं दिसायला लागलं. ह्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘बाबांना आवडलं असतं.’ बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हे विधान तपासायची सोय नव्हती.

स्कूटरची गत त्याहून वाईट. हँडल वर आलं ती शिंगं झाली. आरसे लावले ते कान झाले. सीट काढली तर पाठ, आणि मागे स्टेपनी लावली तर शेपूट! मी हरले. घरात सगळ्यांना विचारून बघितलं. ज्याने त्याने शेळी सांगितली, एकट्या ऋचाने माया म्हणून हरीण सांगितलं.

तेवढ्यात ही बातमी मंद्रूपला पोचली. विहीणबाईंचा फोन आला. फार प्रेमळ बाई, पण प्रेमाने माणसाला कोपऱ्यात घेणाऱ्या. ‘तुमी अंतरपाट भरायलाय म्हणं? लई झाक काम हाय ते. मग आमच्या बैलजोडीला बी जागा द्या की. नीलेश त्येंच्याच पाठीवर ल्हानाचा मोठा झालाय.’ नाही कसं म्हणणार? मी बैल भरले. शेजारी ज्वारीचं कणीस भरलं. तेही विहीणबाईंचंच, फोन ठेवता ठेवता सुचलेलं. मग अरुणभाऊजी फुगले, की मंद्रूपचे बैल चालतात आणि घरचा कारखाना चालत नाही? म्हणून मागावर आडवा दोरा नेणारा एक धोटा भरला. तो होडीसारखा दिसतो. सोलापुरात होडी कुठून आली हे पाहुण्यांना काय सांगणार होते, देवाला ठाऊक.

लग्नाच्या आधी विहीणबाई खरेदीला सोलापुरात आल्या तेव्हा मी कापड त्यांच्यापुढे पसरलं. त्यांनी स्कूटरवरून मायेने हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘हुबेहूब आमचा सर्जा,’ त्या म्हणाल्या. मग खऱ्या बैलांकडे वळल्या, जरा वेळ निरखलं आणि विचारलं, ‘ह्या दोन गाड्या कुणाच्या?’ मी म्हटलं, ‘पाहुण्यांच्या.’ 

या सगळ्या गर्दीत राहिलं कोण? मी. तुळशीवृंदावन तेवढं झालं होतं, कारण ते लुगड्यावर बघून जसंच्या तसं उतरवलं होतं. पण तांब्यावाली बाई दर वेळी मागे पडत होती. आज बैल, उद्या कणीस, परवा आमंत्रणं. लग्नाची सकाळ उजाडली तरी वृंदावनाच्या शेजारी माझी जागा कोरीच. ज्या बाईसाठी एवढा खटाटोप केला, नेमकी तीच अंतरपाटावर नाही! मला ते सहन होईना.

म्हणून कार्यालयात, वधूच्या खोलीत, ऋचाच्या केसांत गजरे माळणं चालू असताना मी कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि बसले भरायला. अंगावर सासूबाईंचं तेच इरकल होतं. बाहेर सनई लागली होती, केटरिंगवाला दारातून मठ्ठ्याबद्दल काहीतरी विचारत होता, हे दर थोड्या वेळाने ‘झालं का?’ म्हणून डोकावत होते. एरवी चार टाके घातले की कापड उलटून मागची बाजू बघायची असते. त्या दिवशी उलटायला फुरसत कुठली? मी नुसती भरत सुटले. आणि काय सांगू, हात असा कधी चालला नव्हता! डोकं जमलं, पदर जमला, तांब्या तर बघत राहावा असा. आयुष्यात पहिल्यांदा मी भरलेली वस्तू तीच वस्तू दिसत होती. दोरा जाऊन परत आला, शेवटचं टोक टाक्यांखाली दडवलं. गुरुजींची हाक आली, ‘अंतरपाट आणा.’ मी विजयी मुद्रेने उठले आणि कापड त्यांच्या हातात दिलं.

कापडाबरोबर मीही गेले.

पदर मांडीवर पसरलेला होता आणि कापड पदरावर. तांब्यावाली बाई मी पदरासकट भरली होती! दोरा जाऊन परत आल्यामुळे टाका दुहेरी, आणि काम पहिल्यांदाच बिनचूक झाल्यामुळे कुठे ढिलाई नाही. गुरुजींनी कापड ओढलं, मी एक पाऊल पुढे गेले. त्यांना वाटलं मी सोडत नाहीये. ते म्हणाले, ‘सोडा वहिनी, वेळ होतोय.’ मी म्हटलं, ‘मी सोडलंय हो.’ आणि कापडाची मागची बाजू उलटून दाखवली.

‘कात्री आणा,’ हे ओरडले. शरूवन्संनी दारातच हात आडवा धरला. मुहूर्तावर अंतरपाटाला कात्री? आणि कापणार काय? कशिद्याला नुसती कात्री लागली तरी गाठ नसल्यामुळे अख्खी बाई उसवत जाणार. पदर कापायचा, तर तो त्यांच्या आईचा पदर. उसवत बसावं तर मंगलाष्टकं सुरू व्हायला आलेली. लुगडं बदलावं तर नेसायलाच अर्धा तास. गुरुजी बिचारे समजूतदार. म्हणाले, ‘माझ्या पिशवीत धुतलेलं उपरणं आहे, तेच धरू.’

 म्हणजे मी बाहेर तुळशीपाशी आणि माझं कापडही माझ्याबरोबर बाहेर, आणि लेकीसमोर गुरुजींचं उपरणं! एवढे महिने डोळे फोडून मी हे साधलं होतं. मी खाली मान घालून ‘धरा’ म्हणणार, तेवढ्यात ऋचा खुर्चीवरून उठली. अर्धा गजरा खांद्यावर लोंबत होता.

‘नाही गुरुजी,’ ती म्हणाली. ‘आईने भरलंय तेच धरायचं. त्याला आई चिकटली असेल तर आईसकट धरा.’

सगळ्यांनी शरूवन्संकडे बघितलं.  वन्संनी गुरुजींना विचारलं, शास्त्र काय म्हणतं? गुरुजी म्हणाले, अंतरपाटाला शिवल्या गेलेल्या वधूमातेविषयी शास्त्रात काही सांगितलेलं नाही. तेव्हा वन्संनी स्वतःच निकाल दिला. ‘सुनंदा स्टेजवर उभी राहील. पण तोंड फिरवून. आणि तुळस तिच्यासमोर आणा.’

अशी माझी स्थापना झाली. कार्यालयाच्या अंगणातली तुळशीची कुंडी दोघांनी उचलून स्टेजवर आणली आणि स्टुलावर ठेवली. उत्तरेच्या बाजूला गुरुजी अंतरपाट धरून, दक्षिणेला अरुणभाऊजी आणि भाऊजींच्या कोपराशी, लग्नाकडे पाठ करून, हातात तांब्या घेतलेली मी. समोर कुंडी, कुंडीपलीकडे स्टेजची सोनेरी झालर. विहीणबाई जवळ येऊन काळजीने पुटपुटल्या, ‘अवं, तुमाला बांधून का ठेवलंय?’ त्यांना वाटलं आमच्यात रडणाऱ्या आईला बांधतात.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी धार धरली. मागे हातभर अंतरावर माझी मुलगी उभी होती. तिच्या बांगड्या वाजलेल्या कळत होत्या, तिचा श्वासही कळत होता, आणि मला मान वळवायची सोय नव्हती, कारण पहिल्या रांगेतून वन्संची नजर माझ्या मानेवर होती. अक्षता डोक्यात पडत होत्या. दर ‘सावधान’ला मी मनात म्हणत होते, बाई, एवढ्या जवळ येऊनही नाही. कुंडीतून पाणी वाहून माझ्या पायांवर यायला लागलं होतं.

शेवटचं ‘सावधान’ झालं, बँड वाजला आणि रिवाजाप्रमाणे गुरुजींनी अंतरपाट उत्तरेकडे ओढून घेतला. भाऊजींनी त्यांचं टोक सोडलं. माझं टोक कोण सोडणार?

पदराला हिसका बसला. मी जागच्या जागी गर्रकन फिरले, तांब्यातलं उरलेलं पाणी जावयाच्या मोजडीत गेलं, आणि मी जाऊन थांबले ती बरोबर दोघांच्या मधे. अंतरपाट दूर झाला आणि त्याच्या जागी सासू! नीलेशने हार घेऊन हात वर केलेले. त्या शुभ क्षणी त्याला पहिलं दर्शन घडलं ते माझं. बिचाऱ्याने वाकून नमस्कार केला. हॉलमध्ये जे हसू उसळलं, त्यात बँडसुद्धा थांबला. मी मात्र हसणाऱ्यांकडे बघत नव्हते. मी ऋचाकडे वळले होते. जे बघायला मिळणार नाही म्हणून महिनोन्‌महिने झुरले, ते माझ्या नाकासमोर होतं. मी डोळे फाडून बघितलं.

नाकावर शिवणाचा चष्मा होता.

तो फक्त वीतभर अंतरावरची सुई बघण्यापुरता. नेहमीचा माझा चष्मा वधूच्या खोलीत, आरशासमोर, पिनांच्या डबीत. त्यात डोळ्यांत पाणी. मला दिसला एक पिवळा डाग, आणि कुणीतरी मला खांद्याला धरून बाजूला केलं तेव्हा त्याच्यासमोर एक पांढरा डाग. त्यांच्यामध्ये काहीतरी लाल-पांढरं हललं, ते बहुधा हार असावेत.  टाळ्या वाजल्या. कुठल्या डागाने कुठल्या डागाला हार घातला ते मी अजून फोटोंतच बघते.

पंगत उठेपर्यंत वन्सं सुईच्या टोकाने एकेक टाका उसवत बसल्या होत्या. ऋचा जेवणाच्या पानावरून उठून माझ्यापाशी आली, वाकून कानात म्हणाली, ‘आई, दिसलं ना गं तुला सगळं?’

‘दिसलं की,’ मी म्हटलं. ‘अगदी स्पष्ट.’

ती निश्चिंत होऊन श्रीखंड खायला गेली. खरं काय ते मी एकट्या वन्संना सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली, माझ्या नाकावरचा चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितला आणि समाधानाने मान हलवली. आता त्या धारवाडपर्यंत सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत, की आमची सुनंदा लग्नात अगदी मधोमध उभी होती, पण तिने रीत काही मोडली नाही.